श्वासाची वाटणी

दिवाकर उरकुड्यांना दोन मुलगे होते, आणि कुठलीही गोष्ट दोघांत सारखी वाटायची हा त्यांचा धर्म होता. बर्फीचा तुकडा असो की पाठीतला धपाटा, रोशनला एक मिळाला की हर्षललाही एक मिळायचा. बायको गेली तेव्हा तिच्या पाटल्यांची जोडी त्यांनी फोडली आणि दोन्ही सुनांना एकेक पाटली दिली. एका पाटलीचं बाईनं काय करायचं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. सुनांनी त्या पाटल्या कपाटात टाकल्या आणि सासऱ्याच्या न्यायबुद्धीला मनातल्या मनात हात जोडले. पुढे राहतं घरही विकलं गेलं. रोशन चंद्रपुरातल्याच तुकूमला राहायला गेला, हर्षल बाबुपेठेत.

राहता राहिले स्वतः दिवाकरराव. त्यांचे दोन तुकडे करता येईनात, म्हणून त्यांचे महिने केले. एक महिना रोशनकडे, एक हर्षलकडे. महिना संपला की पहिल्या तारखेला सकाळचा चहा व्हायच्या आत त्यांची पिशवी दारात येऊन बसायची. कोळसा भरायच्या रेल्वे सायडिंगवर उभी हयात गेल्यामुळे छातीचं खोकं झालेलं होतं, त्यामुळे पिशवीबरोबर ऑक्सिजनचं मशीनही असे.

मुलं वाईट नव्हती, असं दिवाकरराव सगळ्यांना सांगत, आणि ते काही खोटं नव्हतं. वाईट होता तो उन्हाळा. अलीकडे चंद्रपुरात तो होळीच्या आधीच मुक्कामाला येई आणि दिवाळी आली तरी हलायचं नाव घेत नसे. कूलरनं केव्हाच हात टेकले होते. एसी लावावा तर विजेचं बिल बघून घाम फुटायचा, न लावावा तर तसाच फुटायचा. त्यात म्हाताऱ्याचं मशीन दिवसरात्र घरघरत असे. "रात्री थोडं बंद ठेवलं तं चालते का जी, मामाजी?" असं रोशनच्या बायकोनं, प्राजक्तानं, त्यांना एकदा विचारलं होतं आणि तेही अगदी मायेनं. त्यांनी एक रात्र बंद ठेवून पाहिलं. चाललं नाही.

त्याच सुमारास विजेचे मीटर शहाणे झाले. घरातलं प्रत्येक उपकरण वीज ओढताना आपापली खोड दाखवतं. फ्रिज सुरू होताना एकदम ओरबाडतो, मिक्सर थरथरतो, एसी दमादमानं चढतो. नवे मीटर ह्या खोडी ओळखू लागले आणि कुठल्या घरात काय चाललंय हे वीज कंपनीला बसल्या जागी कळू लागलं. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की ऑक्सिजनचं मशीन ह्या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. माणूस श्वास आत ओढतो तेव्हाच त्याची झडप उघडते. झडप उघडली की आतल्या पंपावरचा भार किंचित बदलतो आणि तारेतल्या प्रवाहावर एक बारीक लहर उठते. म्हणजे खाटेवरचा माणूस श्वास घेतो आणि तो बाहेरच्या भिंतीवर मीटरमध्ये दिसतो. शिवाय दोन माणसांचा श्वास सारखा नसतो. कोण किती वेळ ओढतो, मध्ये किती थांबतो, कुठं अडखळतो, हे ज्याचं त्याचं असतं. चालीवरून माणूस ओळखावा तसा मीटर श्वासावरून माणूस ओळखू लागला.

सरकारला हे फार सोयीचं पडलं. आजाऱ्याच्या घराला वीजबिलात मदत आधीही मिळायची, पण ती दाखल्यावर, आणि दाखला काय, कुणालाही मिळतो. मेलेल्या माणसांच्या नावावर एसी चालले होते. आता दाखले गेले आणि श्वास-सवलत आली. जिथं श्वास, तिथं सवलत. श्वास पहिल्या वर्गाइतका खराब असेल तर रोग्याला गारव्यात ठेवता यावं म्हणून सगळ्या घराचं बिल सरकार भरणार. दुसऱ्या वर्गाचा असेल तर फक्त मशीनचं. आणि फारच बिघडला तर दारात गाडी येणार, रोगी दवाखान्यात जाणार आणि सवलत त्या दिवसापासून बंद होणार. आपल्याकडचे निम्मे म्हातारे महिन्यागणिक घर बदलतात हेही कुणीतरी वेळेवर साहेबांच्या कानावर घातलं, म्हणून अर्जात दोन पत्ते द्यायची सोय झाली. सरकारनं जुनं मशीन जमा करून घेतलं आणि दोन्ही पत्त्यांवर एकेक नवं बसवून दिलं. फक्त एका वेळी एकाच ठिकाणी श्वास घ्यायचा, एवढी अट होती आणि ती कुणालाही कठीण वाटली नाही.

दिवाकररावांचा श्वास पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. शाळेत ते स्वतः कधी झाले नव्हते.

त्या दिवसापासून त्यांचे दिवस पालटले. ज्या घरी ते, त्या घरी अष्टौप्रहर गारवा. प्राजक्ता त्यांना ताटात वरून तूप वाढू लागली. हर्षलची बायको समीक्षा पहिल्यापासूनच मऊ स्वभावाची, तिनं तर स्वतःची खोली त्यांना दिली. पहिल्या तारखेला दारात येणारी पिशवी आता मुलं आदल्या दिवशी न्यायला येऊ लागली. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी रोशन रिक्षा घेऊन बाबुपेठेत आला तेव्हा हर्षलनं फाटकच अडवलं.

"आज तीस तारीख आहे, दादा. आज बाबा माझे."

"उद्या ऊन वाढते. आत्ता नेतो ना. एका दिवसानं काय होते?"

"काही होत नाही तं मंग उद्याच ने. अन् पुरा मे तुझ्याकडंच काहून? दरसाल मे तुझा. मले एप्रिल अन् जून. हे काय वाटणी झाली काय?"

रोशननं पिशवी धरली होती, हर्षलनं बापाचा दंड. शेजारची माणसं ओट्यावर येऊन पाहत होती. दिवाकररावांना लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर इतकं बरंही त्यांना जन्मात कधी वाटलं नव्हतं. आपल्यासाठी कुणी भांडावं ही चैन त्यांना कधी परवडलीच नव्हती. त्यांनी तिथंच न्याय केला. ह्या वर्षीचा मे हर्षलचा, पुढच्या वर्षीचा रोशनचा. रोशन रिकामी रिक्षा घेऊन गेला.

पण सुखाचंही एक दुखणं असतं. गारवा, तूप आणि पोटभर झोप मिळाल्यावर दिवाकरराव बरे होऊ लागले. पावसाळा सरता सरता ते कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत चालत जाऊ लागले. रोशनच्या घरी असताना त्याच्या फोनवर निरोप आला. त्यात श्री. उरकुडे यांच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याबद्दल अभिनंदन केलं होतं आणि त्यांचा श्वास दुसऱ्या वर्गात घातल्याचं कळवलं होतं. रोशननं तो दोनदा वाचला. घरावर कुणी गेल्यासारखी अवकळा आली. प्राजक्तानं उठून एसी बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिनं हॉलमध्येच शेगडी मांडली आणि तव्यावर भिवापुरी मिरच्या भाजायला घेतल्या. "मामाजी, आत एकटे काहून बसता? इथं बसा ना, आमच्यात," ती म्हणाली. ठसक्यानं त्यांचा जीव घाबरा झाला. ती पाणी घेऊन धावली, पाठ चोळली, पण शेगडी उचलली नाही. पुढच्या दिवशी पुन्हा मिरच्या. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. रागवावं की काय करावं हे त्यांना सुचेना. पण आठवड्यात पहिला वर्ग परत आला, एसी सुरू झाला आणि ताटात पुन्हा तूप आलं. त्यानंतर ते स्वतःच खुर्ची ओढून शेगडीजवळ बसू लागले.

समीक्षाला हे जमणारं नव्हतं. तिच्या घरी मिरच्या भाजल्या गेल्या नाहीत, आणि तिथं गेल्यावर दिवाकरराव पुन्हा दुसऱ्या वर्गात आले. हर्षलनं एके दिवशी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं.

"बाबा, एक विचारू? दादाकडं तुमचा पहिला वर्ग अन् माझ्याकडं दुसरा. हे काहून?"

"अरे, तिकडं ते मिरचीचं..."

"मिरचीचं राहू द्या. लहानपणापासून मले वाटे का तुमी सारखं करता. आता समजून राहिलं."

दिवाकररावांना हा शब्द फार लागला. ज्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, तिथंच पोरानं बोट ठेवलं होतं. मग त्यांनी शेगडी मागितली, पण समीक्षानं ती माळ्यावर टाकली आणि रडत बसली.

यावर तोडगा काढला तो प्राजक्ताच्या भावानं. त्याचं नाव गौरव, आणि त्याचं दवाखान्यातली मशीनं दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यानं डब्याएवढी एक पेटी बनवली. आत रबराची पिशवी, तिला फुगवणारी आणि दाबणारी छोटी मोटार, आणि तिच्यावर हुकूम चालवणारा संगणकाचा तुकडा. माणसाचा श्वास आधी टिपून घ्यायचा, मग पेटीची नळी मशीनला जोडायची. पेटी त्या माणसासारखी हवा ओढते. झोपेत थोडी संथ, दुपारी थोडी तुटक, एकदा घेतलेला श्वास पुन्हा तसाच्या तसा कधी घेत नाही. मशीनची झडप फसते, झडप फसली की तार फसते, आणि तारेच्या पलीकडचा मीटर तर तारेवरच विश्वास ठेवून असतो.

रोशननं दोघा भावांच्या वतीनं बापाला विचारलं. फसवून काही केलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. "तुमाले मिरच्याबिरच्या काही नाही, बाबा. एकदा श्वास टिपला का तुमी मोकळे. दोघांकडं पहिला वर्ग. कमी नाही, जास्त नाही."

'दोघांकडं' हा शब्द ऐकला आणि दिवाकरराव तयार झाले. दोन्ही पोरांना सारखं मिळेल, भांडण मिटेल आणि मग आपण आजारी असो की बरे, दोन्ही घरी आपलं ताट राहील, असा त्यांचा हिशेब होता. शेगडीजवळ बसून, नाकात नळी घालून त्यांनी सलग काही दुपारी श्वास दिला. फार वाईट नाही, फार चांगला नाही, असा नेमका पहिल्या वर्गाचा. गौरव म्हणाला की इतका छान आजारी श्वास त्यानं दुसरा पाहिला नाही.

पेटी पहिल्यांदा रोशनकडं लागली. दिवाकरराव त्याच खोलीत बसले होते. आपलं मशीन आपल्याशिवाय श्वास घेतंय, ही गंमत बघता बघता त्यांना खोकल्याची उबळ आली. पाच मिनिटांत सवलत केंद्रातून फोन आला. मशीनला कानही होता, हे कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. रोग्याची तब्येत एकदम बिघडली तर कळावं म्हणून ते खोलीतला खोकला ऐकत असे. केंद्रातली बाई विचारत होती, की रोगी खोकतोय पण नळीतला श्वास जराही अडखळत नाही, हे कसं?

"तो मी खोकललो," रोशननं सांगितलं. बाईनं त्याला काळजी घ्यायला सांगून फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी दोघे भाऊ बसले आणि कधी नव्हे ते एका दमात त्यांचं एकमत झालं. ज्या घरी श्वास, त्या घरी बाप ठेवायचा नाही. ह्या महिन्यात श्वास रोशनकडे, तर बाप हर्षलकडे. पुढच्या महिन्यात उलट. आणि बाप ज्या घरी असेल तिथलं मशीन बंद ठेवायचं, कारण एक माणूस दोन पत्त्यांवर श्वास घेताना दिसला की सवलत परत वसूल होणार आणि वर खटला.

"अन् मामाजींनी श्वास कशानं घ्यायचा?" समीक्षानं विचारलं.

"ते बरे झाले ना आता," हर्षल म्हणाला. "सरकारच म्हणते. दुसऱ्या वर्गात होते ना?"

सगळ्यांनी दिवाकररावांकडे पाहिलं. वाटणी अगदी सारखी होती. एकाला श्वास, एकाला बाप आणि दर महिन्याला अदलाबदल. नाव ठेवायला जागा नव्हती. ते म्हणाले, "ठीक आहे."

त्यांच्या ध्यानात यायला थोडे दिवस गेले. श्वास ज्या घरी, गारवा त्या घरी. ते स्वतः कायम दुसऱ्या घरी. रोशनकडे थंडगार महिना सुरू झाला की ते हर्षलच्या पत्र्याखाली, आणि हर्षलकडे एसी लागला की ते रोशनच्या तापलेल्या गच्चीखाली. गारव्याच्या पुढे एक घर, असा त्यांचा मुक्काम चालू लागला. तूप गेलं. पिशवी पुन्हा पहिल्या तारखेला चहाच्या आत दारात येऊ लागली, आणि आता तर दोन्ही घरांना घाई असे. मशीन मात्र प्रत्येक घरी त्यांच्या खाटेशेजारी उभं होतं, धूळ बसू नये म्हणून जुन्या साडीनं झाकलेलं.

हिवाळा निघाला. फाल्गुनापासून श्वास पुन्हा आखडू लागला. डॉक्टरला दाखवायची चोरी, कारण दवाखान्यात नाव लिहिलं की उरकुडे नावाचा माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी जिवंत असल्याचं उघड होणार. मेडिकलमधून गोळ्या यायच्या. ते त्या निमूट घ्यायचे. दोघं भाऊ मात्र आता एकमेकांशी बोलत होते, सणाला एकत्र जेवत होते, आणि ह्यात आपण काहीतरी कमावलं असं दिवाकरराव स्वतःला बजावत राहिले.

मे उजाडला. तो रोशनचा होता, त्यांनीच दिला होता. श्वास तुकूमला गेला आणि दिवाकरराव बाबुपेठेत आले.

ती दुपार फार वाईट होती. पत्रा तडतडत होता आणि पंखा गरम हवाच फिरवत होता. दिवाकरराव जेवणावरून उठले ते भिंत धरून, आणि खाटेपर्यंत पोचता पोचता त्यांच्या ओठांचा रंग गेला. छाती वरखाली होत होती, पण आत काही जात नव्हतं. समीक्षानं हाक मारली तसा हर्षल आतून आला. तिनं मशीनवरची साडी ओढून फेकली आणि बटणाला हात घातला.

हर्षलनं तिचा हात धरला. "थांब. तिकडं चालू आहे."

"मंग मी फोन करते. गाडी येऊ दे."

तिनं केंद्राला फोन लावला. बाईनं नाव विचारलं, समीक्षानं ते सांगितलं. समोरच्या पडद्यावर शोधून बाई म्हणाली, "काळजी करू नका. दिवाकर उरकुडे यांचा श्वास तुकूमच्या पत्त्यावर व्यवस्थित सुरू आहे. मला समोरच दिसतोय. तुमच्याजवळ ज्यांना त्रास होतोय, ते कोण आहेत?"

समीक्षानं नवऱ्याकडे पाहिलं. हर्षलनं मान हलवली. ती सासऱ्याकडे वळली. बापावर खटला, दोन्ही मुलांवर खटला, दोन्ही घरं अंधारात, हे सगळं दिवाकररावांना त्या तसल्या अवस्थेतही लख्ख दिसत होतं. त्यांनी हात उचलला आणि फोन ठेव अशी खूण केली.

"पाहुणे आहेत," समीक्षा म्हणाली.

"पाहुण्यांचं नाव सांगता का?"

तिनं फोन ठेवला आणि तोंडात पदर कोंबला.

मग हर्षलनं रोशनला फोन लावला आणि आवाज मोठा करून तो उशीजवळ ठेवला. "दादा, तुझी पेटी बंद कर. इकडचं मशीन लावतो. बाबांची तब्येत खरंच जास्त आहे."

"आत्ता?" रोशनच्या पाठीमागून टीव्हीचा आणि हसण्याचा आवाज येत होता. "अरे, प्राजक्ताचे आईबाबा आलेले आहेत. अन् ऐक ना, पेटीतला श्वास एवढा चांगला, अन् एकदम तिकडं दुसरा खराब दिसला तं मीटरला समजणार नाही काय? दोघंही आत जाऊ आपण. संध्याकाळपर्यंत ऊन उतरते. ओला टॉवेल ठेव."

दादाचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि ते चुकीचं नाही ह्याचंच हर्षलला आतून बरं वाटलं. समीक्षा पुन्हा बटणाकडे सरकली, तेव्हा तो मशीनच्या आणि तिच्या मध्ये उभा राहिला.

"दादा, तूच बोल बाबांशी," तो म्हणाला. "घाबरून राहिले ते."

"बाबा, घाबरू नका," रोशन म्हणाला. त्याचा स्वर मऊ झाला होता. बापावर त्याची माया नव्हती असं नाही. तो उठून आतल्या थंड खोलीत गेला असावा, कारण हसणं मागं पडलं. "हे पाहा, फोन मशीनपाशीच धरतो. ऐका."

उशीजवळच्या फोनमधून फुस्स असा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा फुस्स. मध्ये बारीकशी अडखळ, मग पुन्हा फुस्स. दिवाकररावांनी तो लगेच ओळखला. त्यांचाच होता. त्याच्या मागोमाग आपणही घ्यावा, असं त्यांना वाटलं. त्यांनी तोंड उघडलं, खांदे वर ओढले, आणि पहिला कसाबसा मिळाला. दुसरा अर्ध्यात अडकला. तोवर तुकूमचा श्वास पुढं गेला होता, आणि खोलीत तेवढाच ऐकू येत होता.

"एकदम मस्त चालू आहे, बाबा," रोशन म्हणाला. "येते ना ऐकू?"